बाग, शाळा, रथ आणि बोट : नाशिकच्या एका कुटुंबाची अंदमान सहल कशी आखली

कुटुंब सहा जणांचं. राहायला गंगापूर रोडला, द्राक्षबाग निफाड तालुक्यात. अण्णा सत्तरी ओलांडलेले, तब्येत ठणठणीत. माईंचे गुडघे दुखतात आणि त्यांना गाडी लागते. थोरला मुलगा, म्हणजे दादा, बाग बघतो. वहिनी सीबीएसईच्या शाळेत शिकवतात आणि मुलं त्याच शाळेत आहेत: मुलगी चौदा वर्षांची, मुलगा आठ. धाकटा भाऊ गावीच बागेवर असतो, तो या सहलीत नव्हता. तरीही त्याच्याशिवाय ही सहल झाली नसती, ते पुढे येईलच. नावं गाळली आहेत. घरात त्यांना ज्या हाका मारतात त्याच मी इथे वापरते. मी नाशिकमध्ये लोकांच्या सहली आखून देते आणि हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं, कारण यात जागा निवडणं हे सगळ्यात सोपं काम होतं.

मागणी आली ती अशी: "मे महिन्यात कुठल्यातरी बेटावर, समुद्र निळा पाहिजे, तीन लाखांत बसवा." मुलीला मालदीव हवं होतं, पाण्यावरच्या खोल्यांचे व्हिडिओ तिने सगळ्यांना दाखवून झाले होते. दादांना कोणीतरी लक्षद्वीप सुचवलं होतं. अण्णा एवढंच म्हणाले, "मला सेल्युलर जेल बघायचंय. बाकी तुम्ही कुठेही न्या." माईंनी काहीच मागितलं नाही. फक्त विचारलं, तिकडे जेवायला काय असतं.

मालदीव पहिल्याच बैठकीत गळालं. भारतीयांना तिथे उतरल्यावर तीस दिवसांचा व्हिसा फुकट मिळतो हे खरं, पण त्यासाठी पासपोर्ट लागतो आणि अण्णा-माईंकडे तो नव्हता. तो काढता आला असता. अडचण खर्चाची होती. मालेला उतरून प्रत्येक रिसॉर्टवर स्पीडबोटीने किंवा समुद्रावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जावं लागतं, आणि रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेट असल्याने जेवणही तिथलंच. सहा माणसांचा हिशेब तीन लाखांत बसत नाही. तिथल्या वस्तीच्या बेटांवर स्वस्त गेस्टहाऊस मिळतात, पण मुलीला जे हवं होतं ते तिथे नाही.

लक्षद्वीप मला स्वतःला आवडतं. पण तिथे जायला प्रवेश परवाना लागतो, विमान कोचीहून अगत्तीला, आणि राहायच्या जागा मोजक्या. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या दौऱ्यानंतर तिथली चौकशी एकदम वाढली, खोल्या मात्र त्या वेगाने वाढत नाहीत. सहा जण, त्यात दोन ज्येष्ठ, सगळ्यांच्या खोल्या एकाच बेटावर, ठरल्या तारखांना: हे जुळवणं फार अनिश्चित होतं. शिवाय जेल लक्षद्वीपला नाही, त्यामुळे अण्णांचं काय, हा प्रश्न राहिलाच असता.

म्हणून अंदमान. इथपर्यंत अर्धा तास लागला. पुढचे बरेच दिवस गेले ते तारखा ठरवण्यात.

तारखांचं गणित

मे महिना का, तर मुलांना सुट्टी असते म्हणून. नाशिकहून अंदमानची मागणी येते ती बहुतेक मे किंवा दिवाळीची. पण नैऋत्य मोसमी पाऊस देशात सगळ्यात आधी पोहोचतो तो निकोबार आणि दक्षिण अंदमानच्या समुद्रावर, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. आपल्याकडे वळवाची वाट बघत असतात तेव्हा तिकडे समुद्र खवळायला लागलेला असतो. बोटी रद्द होतात, स्कूबा (हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं) बंद राहतं, पाणी गढूळ होतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात जमू शकतं, पण उकाडा असह्य आणि भाडी सुट्टीची. आणि मे मध्ये बागेत खरड छाटणीनंतरची कामं असतात. काडी विरळणं, शेंडा मारणं, सबकेन, म्हणजे शेंडा मारल्यावर फुटणारी बगलकाडी राखणं. पुढच्या वर्षीचा माल त्याच काडीवर यायचा असतो.

मग दिवाळी? शाळेच्या बाजूने सोयीची. बागेच्या बाजूने अशक्य. फळासाठीची गोडी छाटणी झालेली असते, फुटवे कोवळे असतात आणि डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने रोज आभाळाकडे बघावं लागतं. दादा हसून म्हणाले, "मॅडम, दिवाळीत मी घरी जेवायला येतो तेच खूप आहे." दिवाळीपासून डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात वादळंही होतात. डिसेंबर २०१६ मध्ये वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नील या अंदमानच्या बेटांवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली होती. नाताळात गर्दी सर्वात जास्त आणि बागेत थिनिंग-डिपिंग, म्हणजे घडातले मणी विरळ करणं आणि घड संजीवकात बुडवणं.

मी त्यांना बागेची डायरी, शाळेचं वेळापत्रक आणि घरातली दिनदर्शिका घेऊन बसायला सांगितलं. जेवणाच्या टेबलावर तिन्ही उघडी पडली. डायरीत प्रत्येक प्लॉटची छाटणीची तारीख, फवारण्या, आणि मागच्या दोन हंगामांत माल कधी निघाला तेही होतं. शेवटचा थॉमसन जातीच्या द्राक्षांचा प्लॉट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खाली होतो. त्यानंतर वेलीला विश्रांती देतात, पाणी तोडतात, आणि खरड छाटणी एप्रिलमध्ये. म्हणजे वर्षातले साधारण पंधरा दिवस असे असतात जेव्हा बागेला दादांची रोज गरज नसते.

शाळेच्या वेळापत्रकात सीबीएसईची वार्षिक परीक्षा मार्चच्या मध्याला संपत होती आणि नवं सत्र एक एप्रिलला सुरू. वहिनींना निकालाच्या कामासाठी वीस-बावीस तारखेपर्यंत शाळेत जावं लागणार होतं. राज्य मंडळाची शाळा असती तर हा मार्गच बंद होता, त्यांच्या परीक्षा एप्रिलमध्ये असतात.

समुद्राच्या बाजूने पाहिलं तर जानेवारी ते मार्च हे अंदमानचे सगळ्यात कोरडे महिने. मार्चअखेरीला पाणी शांत आणि स्वच्छ असतं. ऊन कडक, पण नाशिकच्या माणसाला ऊन नवं नाही. घाम मात्र नवा असतो, तिथली हवा दमट.

म्हणजे मार्चचा शेवटचा आठवडा. पाडवा त्याआधीच होऊन जात होता, गुढी घरी उभारता येणार होती. सगळे खूश झाले आणि माईंनी दिनदर्शिकेवर बोट ठेवलं. रामनवमी गुरुवारी, आणि रविवारी एकादशीचा रथ. काळारामाच्या रामनवमीला त्या लग्न होऊन आल्यापासून चुकलेल्या नाहीत, आणि कामदा एकादशीला पंचवटीतून रामरथ आणि गरुडरथ निघतात तेव्हा गोदाकाठी त्यांची ठरलेली जागा असते. अण्णा म्हणाले, "एक वर्ष नाही गेलं तर काय होतंय?" माई काही बोलल्या नाहीत, आणि त्या न बोलण्याचा अर्थ त्या घरात सगळ्यांना कळतो.

हा मुद्दा मी हसण्यावारी नेला नाही. सहलीत ज्याचं मन नाही असा एक माणूस असला की सहाही जणांची सहल बिघडते, आणि इथे तारखा हलवायला जागा नव्हती. शेवटी तोड निघाली ती माईंच्याच नणंदेकडून. त्या पंचवटीत राहतात. रथाच्या वेळी त्या व्हिडिओ कॉल लावतील आणि रामनवमीचा प्रसाद राखून ठेवतील असं ठरलं. मी मनात एक खूणगाठ बांधली: रविवारी संध्याकाळी हे कुटुंब अशा ठिकाणी पाहिजे जिथे मोबाइलला नीट रेंज असेल. चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाल्यापासून पोर्ट ब्लेअरचं इंटरनेट पुष्कळ सुधारलं आहे, पण छोट्या बेटांवर ते अजून मनमानी करतं.

आधीचं कोटेशन

माझ्याकडे येण्याआधी त्यांनी एका ठिकाणाहून कोटेशन आणलं होतं. पाच रात्री, सहा दिवस. किंमत आकर्षक होती आणि फोटो सुंदर. ते मी ओळीओळीने वाचलं, कारण अंदमानचे बहुतेक पॅकेज याच साच्यातले असतात.

पहिला दिवस सोमवार: पोर्ट ब्लेअरला आगमन, दुपारी सेल्युलर जेल. जेल सोमवारी बंद असतं. ज्या एका गोष्टीसाठी अण्णा निघाले होते ती पहिल्याच ओळीत हुकली होती. कोटेशन बनवणाऱ्याने वाराकडे पाहिलेलंच नव्हतं.

दुसरा दिवस बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. त्यासाठी पहाटे तीनच्या सुमारास उठून निघायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर रांग लावायची आणि ताफ्यातून जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जायचं. येऊन-जाऊन दोनशे किलोमीटर, वर बोट आणि चालणं. गुहा बऱ्या आहेत, पण माईंच्या गुडघ्यांना तो दिवस झेपला नसता. आणि माझं मत विचाराल तर मी हा दिवस कोणालाच सुचवत नाही. त्या रस्त्यावर थांबायला, फोटो काढायला बंदी आहे, तो गुन्हा आहे, तरी गाडीत बसलेल्यांची नजर जारवा दिसतात का याकडेच असते. कोणाच्या तरी घरातून रोज शेकडो गाड्या नेणं मला पटत नाही. दादांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच त्यावर काट मारली.

तिसरा दिवस: दुपारी दोनच्या बोटीने हॅवलॉक, हॉटेलवर सामान टाकून "संध्याकाळी राधानगर बीचवर सूर्यास्त". इथे नाशिककर हमखास फसतात. अंदमान आपल्याच घड्याळावर चालतं, पण पोर्ट ब्लेअर नाशिकपेक्षा जवळजवळ एकोणीस रेखांश पूर्वेला आहे. म्हणजे सूर्य सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधी मावळतो. मार्चअखेरीला नाशिकमध्ये पावणेसातला सूर्य बुडतो, तिथे साडेपाचच्या आसपास. दोनची बोट साडेतीनला लागली, सहा जणांचं सामान उतरलं, जेट्टीवरून हॉटेल, चहा, आणि मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला राधानगर. पोहोचेपर्यंत अंधार.

शेवटचा दिवस सगळ्यात धोक्याचा. सकाळी नीलहून बोट, साडेदहापर्यंत पोर्ट ब्लेअर, आणि साडेबाराचं विमान. दोन तास कागदावर भरपूर वाटतात. पण समुद्रावर बोट उशिरा सुटणं, रद्द होणं हा अपवाद नाही, आणि बोटवाला उशिरा आला म्हणून विमान थांबत नाही. सहा तिकिटं पुन्हा काढायची म्हटली तर आधीच्या कोटेशनमध्ये जेवढे वाचले होते त्याच्या कितीतरी पट गेले असते.

नवा आराखडा

ठरला तो असा. सोमवारी रात्री नाशिकहून निघायचं, मंगळवारी दुपारी पोर्ट ब्लेअर, आणि उरलेला दिवस काहीच नाही. बुधवारी सकाळी जेल, दुपारच्या बोटीने हॅवलॉक. तिथे दोन रात्री, मग नीलवर दोन, रविवारी सकाळी परत पोर्ट ब्लेअर, एक रात्र मुक्काम, सोमवारी विमान. सहा रात्री. सरकारी कागदांवर २०१८ च्या अखेरपासून हॅवलॉकचं नाव स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप आहे, २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोटीच्या आणि विमानाच्या तिकिटांवर जुनी-नवी दोन्ही नावं दिसतात, ती आधीच सांगून ठेवली म्हणजे जेट्टीवर गोंधळ होत नाही.

जेल आधी आणि राखीव रात्र शेवटी, यावर दादांशी थोडी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, शेवटचा दिवस रिकामाच आहे तर जेल त्या दिवशी ठेवू, म्हणजे पहिल्याच दिवशी हॅवलॉक गाठता येईल. पण राखीव दिवस राखीव असतो तो बोट रद्द होईल म्हणून. बोट रद्द झाली तर त्या दिवशीचा कार्यक्रम जातो. अण्णांची एकच इच्छा अशा दिवसावर टांगून ठेवायची नाही. शेवटच्या दिवशी आम्ही जे ठेवलं ते चुकलं तरी कोणाला चुटपुट लागणार नाही असं: जमलं तर पोर्ट ब्लेअरसमोरचं रॉस बेट, नाहीतर बाजार.

नील दोन रात्री का, हेही बऱ्याच जणांना कळत नाही, कारण पॅकेजवाले नील सकाळी जाऊन संध्याकाळी परत असंच दाखवतात. नील लहान आहे, सपाट आहे, सगळं जवळ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे रिक्षाने सगळीकडे जाता येतं आणि कंटाळा आला तर खोलीवर परत यायला पाच-दहा मिनिटं लागतात. हॅवलॉकवर अंतरं मोठी. तिथला एलिफंट बीच बोटीने किंवा जंगलातून चालत जायचा, माईंसाठी तो नाहीच.

नीलवर एक गोष्ट मात्र तिथीवर अवलंबून असते. तिथला खडकांचा नैसर्गिक पूल ओहोटीलाच नीट बघता येतो, आणि भरतपूरच्या किनाऱ्यावर उलट, पाणी ओसरलं की प्रवाळ उघडे पडतात आणि पोहता येत नाही. पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची भरती, तेव्हा ओहोटीही खोल. दशमी-एकादशीच्या सुमारास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आमचे दिवस भांगाचे होते. म्हणून पुलाला नेमक्या ओहोटीच्या तासाला जायचं आणि माईंना रिक्षातच बसवायचं ठरलं, पोहायला मात्र सगळा दिवस मोकळा. भरतीचे तक्ते आधी बघून मगच तिथल्या गाडीवाल्याला वेळ दिली.

विमानाबद्दल. ओझरहून, म्हणजे नाशिकच्या विमानतळावरून, अंदमानला थेट विमान नाही. ओझरहून हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाऊन पुढे जाता येईल का, हे मी पाहिलं, पण दोन वेगळी तिकिटं होत होती. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं काही देणंघेणं नसतं. मुंबईहून चेन्नईमार्गे एकाच तिकिटावर घेतलं, पहाटेचं. इगतपुरी ते आमणे हा समृद्धीचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो, तरी पुढे भिवंडी-ठाण्याची कोंडी आहेच. रात्री नऊला निघा, असं मी सांगितलं. दादा म्हणाले, साडेदहाला निघालो तरी पोहोचतो. माईंनी नऊ वाजता सगळ्यांना गाडीत बसवलं.

बोटीची तिकिटं विमानाच्या पाठोपाठ काढली, हॉटेलच्या आधी. लोक हॉटेल आधी घेतात आणि मग त्या तारखेला बोट मिळत नाही. सरकारी बोट स्वस्त आहे, पण ती म्हणजे बेटावरच्या लोकांची एसटी, आधी हक्क त्यांचा. अडीच तास लागतात आणि पर्यटकाला तिकीट मिळेलच याची खात्री नसते. खासगी बोट दीड तासात पोहोचवते, आत वातानुकूलित, बंदिस्त. माईंसारख्या ज्यांना बोट लागते त्यांना ती बंद हवा आणखी त्रास देते. डॉक्टरांना विचारून गोळी घ्यायची ती बोटीत बसल्यावर नाही, आधी. खिडकीजवळची नको, मधली जागा, खालच्या मजल्यावर, मागच्या बाजूला: तिथे हेलकावे कमी. आणि पोटात काहीतरी हवंच. दोन जेट्ट्या आहेत हेही सांगून ठेवलं. खासगी बोटी हॅडोहून, सरकारी फिनिक्स बेहून, आणि टॅक्सीवाल्याला नुसतं "जेट्टी" म्हटलं की तो त्याला वाटेल तिकडे नेतो.

स्कूबावरून घरात खरा वाद झाला. दहा वर्षांखालच्या मुलांना समुद्रात स्कूबाला नेत नाहीत. आठ वर्षांच्या मुलाने हे ऐकलं आणि "मग मी येतच नाही" म्हणून खोलीत जाऊन दार लावलं. वहिनींना दमा आहे. त्यांनी पाण्याखाली जाण्याआधी डॉक्टरांचा लेखी होकार लागेल असं मी स्पष्ट सांगितलं, तिथे वैद्यकीय फॉर्मवर खोटी सही करणारे पाहिले आहेत आणि ते जिवावर बेतू शकतं. वहिनींनी स्वतःच नाही म्हटलं आणि मुलाला सांगितलं, "आपण दोघं काचेच्या बोटीतून बघू, दिदीला मासे दिसायच्या आधी आपल्याला दिसतील." दार उघडलं. दादा आणि मुलीचं स्कूबा गुरुवारी सकाळी ठेवलं. स्कूबानंतर लगेच विमानात बसू नये, एका डाइव्हनंतर किमान बारा तास आणि जास्त डाइव्ह असतील तर अठरा तास जाऊ द्यावेत अशी शिफारस आहे. आमच्या आराखड्यात मध्ये चार दिवस होते.

मुलीला शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे आणायचे होते. आणायचे नाहीत. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासतात. आणखी एक सूचना मी प्रत्येकाला देते. किनाऱ्यावर मगरीची पाटी असेल तर पाण्यात उतरायचं नाही, पाणी कितीही निळं असलं तरी. राधानगरच्या शेजारच्या खाडीत २०१० मध्ये मगरीच्या हल्ल्यात एका पर्यटक महिलेचा जीव गेला होता. राधानगरला जीवरक्षक आणि आखून दिलेली जागा असते, पोहायचं तिथेच.

पैसे साधारण असे गेले: विमानाला सव्वा लाखाच्या वर, खोल्यांना पाऊण लाख, बोटी, गाड्या, जेवण आणि पाण्यातले खेळ मिळून उरलेले. तीन लाखांची मर्यादा वीस-बावीस हजारांनी ओलांडली, त्यातला मोठा भाग म्हणजे शेवटची जादा रात्र.

प्रत्यक्षात

निघायच्या दोन दिवस आधी व्यापाऱ्याने शेवटच्या प्लॉटची तोडणी पुढे ढकलली. आमच्या नाशिक भागात माल उचलून पैसे बुडवणाऱ्या व्यापाऱ्यांचे किस्से प्रत्येक गावात आहेत, त्यामुळे दादांचा जीव खालीवर. सहल रद्द करायची का, असा फोन मला आला. धाकट्याने जबाबदारी घेतली. तोडणी बुधवारी होईल, आणि पैसे हातात पडल्याशिवाय गाडी बागेतून हलणार नाही, एवढी एकच अट. दादा निघाले, पण मंगळवारी पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ते अख्खी संध्याकाळ फोनवर होते.

बुधवारी सकाळी सेल्युलर जेल. इमारत १९०६ मध्ये पूर्ण झाली, मध्यवर्ती मनोऱ्याभोवती सात शाखा होत्या, आता तीन उरल्यात. अण्णांचं प्राथमिक शिक्षण भगूरमध्ये झालेलं, सावरकरांच्या गावात. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली गेली, त्या खटल्याचा धागा लंडनमधल्या सावरकरांपर्यंत गेला आणि १९११ मध्ये ते इथे आले. थोरले बाबाराव त्याआधीच काळ्या पाण्यावर. अण्णांना हे सगळं पाठ. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर, पायऱ्या चढून जावं लागतं. माई खाली अंगणात सावलीत बसल्या. अण्णा कोठडीत गेले, भिंतीला हात लावून उभे राहिले, नातवाला आत बोलावून म्हणाले, "हात पसर." मुलाने दोन्ही हात पसरले आणि मग तो शांत झाला. परतताना त्याने विचारलं, "आजोबा, शी-शूला कुठे जायचे?" अण्णांनी उत्तर दिलं, तेही तपशिलात. मुलाला त्या सहलीतलं तेच सगळ्यात जास्त आठवतं, असं वहिनी म्हणाल्या.

हॅडोच्या रांगेत असताना दादांच्या फोनवर वजनकाट्याच्या पावतीचा फोटो आला आणि पाठोपाठ धाकट्याचा निरोप: पैसे मिळाले. दादांनी फोन खिशात टाकला आणि मुलाला आइस्क्रीम घेऊन दिलं. माईंना बोट लागली नाही.

गुरुवारी रामनवमी. माईंचा उपवास, शेंगदाण्याचे लाडू आणि राजगिरा वहिनींनी नाशिकहूनच नेला होता, हॉटेलवाल्याने फळं आणि दूध दिलं. जेवणाची काळजी अनाठायी होती, शाकाहारी थाळी सगळीकडे मिळते आणि हिंदी सर्वांना येतं. बाराच्या ठोक्याला माईंनी खोलीत मोबाइलवर पाळणा लावला. राधानगरला सगळे तीनलाच पोहोचले, सूर्यास्तानंतर अंधार होण्याआधी निघाले. मुलगी पाण्याखालून आल्यापासून मालदीवचं नाव काढत नव्हती.

नीलवर रेंज अर्धा वेळ नव्हती. रोख पैसे नेले होते म्हणून अडलं नाही. दोन ठिकाणी ऑनलाइन पैसे जातच नव्हते. पुलाजवळ खडक निसरडे होते, वहिनी मध्येच परतल्या, अण्णा शेवटपर्यंत गेले.

रविवारी नीलची बोट तासाभराने उशिरा सुटली. काहीच बिघडलं नाही, कारण काही गाठायचं नव्हतं. आधीच्या कोटेशनप्रमाणे त्याच दिवशी साडेबाराचं विमान असतं तर ते जेट्टीवरून विमानतळाकडे पळत असते. रॉस बेट झालं नाही, ऊन फार होतं आणि सगळे दमले होते. संध्याकाळी पोर्ट ब्लेअरच्या खोलीत नणंदेचा व्हिडिओ कॉल लागला. तिकडे सूर्य मावळून गेला होता आणि नाशिकमध्ये अजून ऊन होतं, त्या उजेडात रथ ओढला जात होता. माईंनी फोन सगळ्यांच्या हातून काढून घेतला.

सहलीनंतर दादा हिशेब घेऊन आले. एकेक खर्च बघत शेवटच्या रात्रीवर थांबले. "तीन खोल्या, जेवण, गाडी. बोट तर एक तासच उशिरा आली. ही रात्र नसती तर बजेटमध्ये बसलो असतो." मी म्हटलं, पुढच्या वेळीही मी ती रात्र ठेवणारच, हवं तर दुसऱ्याकडून आखून घ्या. ते हसले, पण पटलं असं काही म्हणाले नाहीत. अण्णा-माईंचे पासपोर्टचे अर्ज भरून द्यायचे काम मात्र माझ्याकडेच दिलं आहे.